चार बोटांचा फरक

आमच्या शेजारच्या धनसिंग राठोडांनी माझी पाच मीटरची स्टीलची मोजपट्टी मागून नेली आणि कापली. विचारलं नाही, सांगितलं नाही. कापून तिचे तीन तुकडे प्लॅस्टिकच्या पाइपावर आडवे बसवले, मधल्या तुकड्याला वायर सोल्डर केली आणि दुसऱ्या दिवशी ती माशाच्या सांगाड्यासारखी वस्तू खांद्यावर टाकून माझ्याच दारात उभे राहिले.

"म्याडम, तुमची पट्टी लई कामाची निघाली. एरियल झालं. नोंद करा."

उरलेली पट्टी त्यांनी इमानदारीनं परत आणली होती. ती आता दोनशे त्र्याऐंशी सेंटीमीटरपासून सुरू होते. मी औंढ्याच्या शाळेत गणित शिकवते. अशी पट्टी घेऊन मी वर्गात काय मोजू, असं विचारलं तर तेच माझ्यावर चिडले. पुढचे सगळे आकडे शाबूत आहेत, एकालाही धक्का लागलेला नाही, मग तक्रार कशाची, असं त्यांचं म्हणणं.

राठोडकाका सत्तरीला टेकलेत. किरकोळ बांधा, कानावर पांढरे केस, खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. त्यांना रागवायला कारण लागत नाही, सकाळ झाली की पुरते. जीपवाला हॉर्न वाजवतो म्हणून राग, आणि वाजवत नाही म्हणूनही राग. पोरं कानात बोंडं घालून फिरतात म्हणून राग. फोन 'तुमचा पासवर्ड कमकुवत आहे' म्हणतो, तो त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. प्रत्येक तक्रारीच्या शेवटी 'नोंद करा' असतंच. पाटबंधारे खात्यात बिनतारी यंत्रावर जन्म गेला, त्याची ही सवय. त्यांच्या बायकोनं, सोनाबाईकाकूंनी, आजवर एकही नोंद केलेली नाही. म्हणूनच त्या घरात शांतता आहे.

आता त्या एरियलचं. दोन वर्षांपूर्वी सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्यावर एका मोरीखाली पुण्याचं एक जोडपं काकांना रांगताना सापडलं. चोर समजून काकांनी त्यांची पाऊण तास उलटतपासणी घेतली. त्यांनी सांगितलं की जगभर हा खेळ चालतो. कुणीतरी एक डबा लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं, बाकीचे फोनवर बघत बघत तिथं जातात, डब्यातल्या वहीत सही करतात आणि डबा होता तसा ठेवून येतात. बक्षीस नाही, काही नाही.

बक्षीस नसण्याबद्दल काकांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचा संताप वेगळाच होता. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून ते सांगत होते, "वरून उपग्रह सांगून राहिला डावीकडं जा, उजवीकडं जा. मंग यांनी शोधलं काय? डोकं लावलं न्हाई, कान लावला न्हाई. हे बराबर न्हाई."

मग त्यांनी स्वतःचा डबा लपवला.

म्हणजे आधी त्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओवाल्यांचा परवाना काढला. तो देवघरात सेवालाल महाराजांच्या तसबिरीशेजारी टांगला आहे. मग घराच्या गच्चीवर घरी बनवलेलं प्रक्षेपण यंत्र बसवलं. त्याला जुन्या घड्याळाची यंत्रणा जोडली, आणि ते रोज सकाळी बरोबर सात वाजता पाच मिनिटं टकटक करू लागलं. इंटरनेटवरच्या त्या खेळाच्या पानावर काकांनी एका बोटानं मराठीत टाइप करून कोडं घातलं. कोड्याचं नाव 'खालची चौकी'. डब्याच्या जागेचे सुरुवातीचे आकडे तिथं दिलेत, पण अक्षांशाचे शेवटचे तीन आणि रेखांशाचे शेवटचे तीन, असे सहा आकडे गाळलेत. ते हवे असतील तर सकाळी सातला सिद्धेश्वरच्या पाण्याकाठी एका ठरलेल्या लिंबाखाली उभं राहायचं, औंढ्याच्या दिशेला एरियल धरायचं आणि ठोके मोजायचे. सात ठोके म्हणजे सात. अवघड काहीच नाही. फक्त रेडिओ आणि एरियल घरी बनवलेलं पाहिजे. विकतचं यंत्र आणणाऱ्यांसाठी पानाच्या तळाशी सूचना आहे: 'विकतचं आणलं तर घरीच बसा.'

हे एरियल तपासायला ते एकदा गोरेगावच्या बाजाराला घेऊन गेले. तिथं लोकांना वाटलं, नवा रस्ता निघालाय आणि हा माणूस मोजणीला आलाय. तासाभरात वीस-पंचवीस शेतकरी जमले. कुणी चहा आणला, कुणी केळी आणली, एकानं तर हात धरून सांगितलं, साहेब, माझ्या विहिरीपासून जरा बाजूनं घ्या. काकांनी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं की हा खेळ आहे. कुणाचाच विश्वास बसला नाही. शेवटी वैतागून त्यांनी त्या माणसाच्या विहिरीपासून रस्ता बाजूला घेतला, तेव्हा सुटका झाली. घरी येऊन राग काढला माझ्यावर, कारण मी हसले.

सहा महिन्यांनी नांदेडहून दोन इंजिनियर कोडं सोडवायला आले. पोरं हुशार होती, यंत्रं स्वतः बनवलेली होती. लिंबाखाली त्यांनी ठोके मोजले, गाळलेले आकडे भरले, नकाशात बघितलं तर जागा धरणाच्या पाण्याच्या मधोमध. त्यांना वाटलं, यात काहीतरी फसवणूक आहे. मग त्यांनी एरियल फिरवत फिरवत ठोके येतात कुठून ते शोधायला सुरुवात केली आणि दुपारी बाराला आमच्या आळीत शिरले. राठोडांच्या आणि आमच्या गच्चीत कमरेएवढी भिंत आहे. त्यांना वाटलं, डबा पाण्याच्या टाकीत असणार. टाकी माझी होती. शाळेतून घरी येते तर दोन अनोळखी माणसं माझ्या गच्चीवर, टाकीचं झाकण उघडं, एकाचा हात खांद्यापर्यंत आत.

काका शेजारच्या गच्चीवर बाजेवर बसून सगळं बघत होते. मी जाब विचारला तर म्हणाले, "मी काहून सांगू? शोधायचा खेळ हाय. त्याह्यनी शोधावं." त्या पोरांनी पानावर लिहिलं की कोडं चुकीचं आहे. काकांनी खाली उत्तर टाकलं, 'कोडं बराबर आहे. तुमचं चुकून राहिलं. नोंद करा.'

टाकी धुवायला माझा अख्खा रविवार गेला. त्या रविवारीच ठरवलं की या माणसाचं कोडं मी सोडवणार आणि त्याच्या तोंडावर फेकणार. यात खेळाची आवड वगैरे काही नव्हती, हे स्पष्ट सांगते.

यंत्र मलाच बनवायला लागलं. काकांनी सुटे भाग दिले, जोडणीचा नकाशा काढून दिला, पण सोल्डरिंगला हात लावला नाही. उलट माझा प्रत्येक जोड भिंगातून तपासला आणि तीनदा सगळं उखडायला लावलं. शाळेत मी मुलांच्या वह्या अशा तपासल्या असत्या तर पालकांनी मोर्चा आणला असता. बोटं भाजली, एक ओढणी जळाली. चौथ्यांदा ते म्हणाले, "चालल." त्या एका शब्दानं मला बरं वाटलं, याचाही मला राग आला.

दिवाळीच्या सुटीत मी सलग चार दिवस स्कूटीवर लिंबाखाली गेले. पाण्यावर धुकं असायचं, मासेमारीच्या होड्या निघालेल्या असायच्या आणि त्यातली माणसं माझ्याकडं बघून हसायची. ठोके स्वच्छ ऐकू आले. चारी दिवस तेच. सात, नऊ, पाच. आठ, चार, सहा. नकाशात भरले, तर जागा पाण्यात.

गणिताच्या माणसाला मात्र एक गोष्ट खटकते. सहा आकडे आहेत आणि त्यात चारपेक्षा लहान एकही नाही. शून्य नाही, एक, दोन, तीन काहीच नाही. योगायोग असू शकतो, पण राठोडांच्या घरात योगायोगाला जागा नाही. मी काकांना विचारलं, या आकड्यांचं अजून काही करायचं आहे का?

"ज्याला कळायचं त्याला कळल."

"कुणाला?"

काका यंत्राचा स्क्रू घट्ट करत बसले. मग आपोआपच सुरू झाले. तिखट चढावं तसा आवाज चढत गेला. नोकरीत ते पूर्णेकाठच्या एका पाणीमोजणी चौकीवर होते. नदीत आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी उभी असायची, तिच्यावर पाणी कुठपर्यंत आलं ते बघून रोज सकाळी सातला बिनतारीवरून सांगायचं. वरच्या अंगाला अजून एक चौकी होती, तिथं गफूरभाई नावाचा माणूस. हे खालचे, तो वरचा. बावीस वर्षं रोज सकाळी दोघं एकमेकांशी बोलले. भेट कधीच झाली नाही, कारण पावसाळ्यात दोघांनाही जागा सोडता यायची नाही आणि उन्हाळ्यात राहून जायचं. पावसानं आवाज फुटायला लागला की बोलणं सोडून यंत्राचं बटण दाबून ठोके द्यायचे, जेवढा आकडा तेवढे ठोके. ही युक्ती दोघांनीच काढलेली.

"आन् एका पावसाळ्यात," काका म्हणाले, "सगळ्या चौक्या ऐकून राहिल्या असताना हा वरचा मला म्हणतो, राठोड, तुमची पट्टी चार बोटं खोटी हाय. माझ्याकडून जेवढं जातं त्या हिशेबानं तुमचं पाणी बसत न्हाई. माझी पट्टी खोटी? सगळ्याह्यच्या समोर? माफी माग म्हणलं. त्यानं न्हाई मागितली. मंग पुढची चार वर्षं मी त्याला फक्त आकडा सांगितला. राम राम न्हाई, सलाम न्हाई. आकडा, आन् बंद."

मग मोबाईल आले, बिनतारी बंद झाली, चौकीला कुलूप लागलं.

आतून सोनाबाईकाकू शांतपणे म्हणाल्या की ह्या माणसानं ती चार वर्षं घरातही कुणाशी धड बोलणं केलं नाही. काकांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं, आणि मलाही घरी जायला सांगितलं.

मी घरी आले, कागद काढला आणि प्रत्येक आकड्यातून चार वजा केले. तीन, पाच, एक. चार, शून्य, दोन. नकाशातली जागा पाण्यातून निघून काठावर आली.

दुसऱ्या दिवशी गेले तर तिथं ती जुनी चौकी. एक खोली, कुलूप गंजलेलं, भिंतीत बाभूळ उगवलेली. समोर पाण्यात वाकडी लोखंडी पट्टी अजून उभी. पायरीचा एक दगड हलत होता, त्याखाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा. आत कोरी वही, पेन आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक चिठ्ठी.

'गफूरभाई, चौकी बंद झाली त्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मी पट्टी बुडापासून मोजली. चार बोटं खोटी होती. तुमचं बराबर होतं. – खालचा.'

मी तिथंच पायरीवर बसले आणि मला असा राग आला म्हणून सांगू. दीड वर्ष हा माणूस आम्हा सगळ्यांना अडाणी ठरवतोय. नांदेडच्या पोरांना नावं ठेवली, माझी बोटं भाजली, टाकी धुवायला लावली, आणि हे कोडं आमच्यासाठी नव्हतंच. जगात एकच माणूस ते सोडवू शकत होता, आणि त्या माणसाला या कोड्याचा पत्ताही नव्हता. दोन ओळींची माफी. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर काम झालं असतं. त्यासाठी परवाना, प्रक्षेपण यंत्र, उपग्रह आणि माझी मोजपट्टी.

वहीत सही न करता मी डबा परत ठेवला.

माझे सासरे त्याच खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारणा टाकली, आणि आठ दिवसांत गफूरभाई सापडले. वारंगा फाट्यावर. जावयाचं टायरचं दुकान, मागं घर, तिथं लेकीकडं राहत होते. मी गेले तेव्हा ते दारात खुर्ची टाकून रस्त्यावरचे ट्रक बघत बसले होते. उंच, पाठीत वाकलेले. मी नमस्कार केला तर नुसते बघत राहिले. लेकीनं सांगितलं, तीन वर्षं झाली, अब्बांना काहीच ऐकू येत नाही. यंत्र लावून बघितलं, उपयोग झाला नाही.

रेडिओचं कोडं, ज्या एका माणसासाठी घातलं, त्याला ऐकू येत नाही.

शेवटी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, 'मी धनसिंग राठोड यांची शेजारीण.' त्यांनी वाचलं आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यानं म्हणाले, "राठोड? जिंदा है? चार साल मेरे कू सलाम नै बोले उनो." टायरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मग गफूरभाईंनी काकांबद्दल जे काही सांगितलं ते ऐकून मला वाटलं, रागाच्या बाबतीत ही दोन माणसं सख्खे भाऊ शोभतील. मी चिठ्ठीबद्दल काही सांगितलं नाही. फक्त लिहिलं की त्यांनी एक कोडं घातलंय आणि ते कुणालाच सुटत नाही. गफूरभाईंनी कागदाची घडी घालून विचारलं, "कब आना?"

परत येऊन मी काकांना गाठलं. म्हटलं, डबा मला सापडला. तर ते उसळून म्हणाले, "मंग सही काहून केली न्हाई?"

"माझ्यासाठी नव्हता म्हणून."

मी म्हटलं, रविवारी ठोके सातला नको, दहाला पाहिजेत. त्यावर पुन्हा भडकले. सात म्हणजे सात, उद्या म्हणाल नदी उलटी वाहू द्या. त्यांचं बोलून होऊ दिलं आणि मग सांगितलं, "वारंगा फाट्यावरून जीपनं यायचंय. वरच्याला."

काकांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, जिना चढून गच्चीवर गेले आणि घड्याळाचा काटा फिरवला. खाली आल्यावर मी त्यांना सांगितलं की गफूरभाईंना आता ऐकू येत नाही. ते पायरीवर बसले. मग रेडिओच्या मोठ्या स्पीकरवरची जाळी काढायला लागले. मला वाटलं, आवाज वाढवतायत.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून नऊपासून लिंबाखाली उभे होते. जीप दहा मिनिटं आधी आली. गफूरभाई लेकीच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. बावीस वर्षं रोज बोललेली दोन माणसं पहिल्यांदा समोरासमोर आली आणि दोघांनीही एकमेकांना ओळख दिली नाही. काकांनी एरियल माझ्या हातात दिलं. जाळी काढलेला स्पीकर गफूरभाईंच्या हातात ठेवला आणि त्यांचा तळवा त्याच्या कागदावर टेकवला.

दहा वाजले. ठोके सुरू झाले. स्पीकरचा कागद थरथरत होता आणि गफूरभाईंचा चेहरा बदलत गेला. वाकून त्यांनी काडीनं मातीत आकडे लिहिले. सात, नऊ, पाच. आठ, चार, सहा. काडी थांबली. त्यांनी मान वर करून काकांकडं बघितलं. काका होड्या बघत होते. मग गफूरभाईंनी आकड्यांखाली एक रेघ ओढली आणि कुणी न सांगता प्रत्येकातून चार वजा केले.

लेकीनं फोनवर जागा बघितली. चौकीपर्यंत आम्ही चालत गेलो. हलता दगड त्यांनीच काढला. चष्मा लावून चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. मग वहीच्या पहिल्या पानावर सही केली आणि काकांच्या शेजारी पायरीवर बसले.

"पट्टी बराबर थी, राठोड," ते मोठ्यानं म्हणाले. "पानी झूठ बोलता था."

काकांनी तोंड उघडलं, पण बोलून उपयोग नव्हता. त्यांनी गफूरभाईंचा हात स्वतःच्या गुडघ्यावर ओढून घेतला, तळवा उघडला आणि एका बोटानं त्यावर हळूहळू ठोके द्यायला लागले. मध्येच नदीकडं बघत होते. गफूरभाई डोळे मिटून पुटपुटत होते. मला आधी वाटलं, काका माफी मागतायत. मग लक्षात आलं की गफूरभाई मोजत होते. आज नदीला पाणी किती, तेवढंच काका त्यांना सांगत होते.